गमभनपासून गॅझेटपर्यंत

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वर्षभराने, ऑगस्ट १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या पायरा लॅब्ज या छोट्याशा कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली. जिल्हा आणि ब्लॉग एकाच पिढीचे म्हणायचे. पण दोघांची नीट गाठ पडायला पुढची पंधरा वर्षं गेली. मधल्या काळात मराठी अक्षर पडद्यावर धड दिसावं, टंकता यावं, शोधता यावं आणि उद्याही वाचता यावं यासाठी काही मोजक्या लोकांनी नोकरी-धंदा सांभाळून रात्री घालवल्या. त्यांनी लिहिलेले प्लगइन, बेतलेल्या थीम आणि दिलेली उत्तरं यांवर मराठी ब्लॉग उभे राहिले. लेखकांची नावं तरी थोडीफार लक्षात आहेत, या मंडळींची कुठेही नोंद नाही. म्हणून हा इतिहास आत्ताच लिहून ठेवायला हवा.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेच्या सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचलं आणि पुढे दहाव्या शतकात राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावून दिलं ते विदर्भातल्या याच नगरात. लिहिण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या गावातल्या माणसाला २००४ मध्ये सायबर कॅफेत बसून स्वतःचं नाव देवनागरीत उमटवायचं म्हटलं, तर काय करावं लागत होतं?

आधी कॅफेवाल्याकडे विंडोज एक्सपीची सीडी मागावी लागे. एक्सपीमध्ये ‘मंगल’ हा देवनागरी फाँट होता, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तो घडवला होता. पण जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवणारी सोय मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या खिडकीत जाऊन, गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरच्या चौकोनात खूण करून, सीडी घालून संगणक पुन्हा चालू केला की मग ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी येई. तोवर ती नंतर येत असे. सीडी नसली तर सगळं तिथेच अडे. तालुक्याच्या गावी सीडी बहुधा नसेच.

त्याआधीची अवस्था याहून बिकट होती. प्रत्येक फाँटचा आतला नकाशा वेगळा. छपाईच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती असे संच चालत आणि एकात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक खुणांची रांग दिसे. इंटरनेटवर मराठी वाचायचं म्हणजे त्या त्या संकेतस्थळाचा फाँट आधी उतरवून घ्यायचा. १९९६ मध्ये अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी सुरू केलेल्या ‘मायबोली’च्या पहिल्या वाचकांना हा खटाटोप चांगला ठाऊक आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तिचा पाया ‘इस्की’ या भारतीय मानकाचा होता. पण मानक कागदावर असणं आणि ते वाशिमच्या कॅफेतल्या पडद्यावर उतरणं यांत दहा-बारा वर्षांचं अंतर पडलं.

वर्डप्रेसची सुरुवात २७ मे २००३ ची. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने ‘बी-टू’ नावाची ब्लॉगप्रणाली लिहिली होती, ती मागे पडली. तिच्यावरून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी नवी प्रणाली उभी केली. पहिलं वर्ष तिच्यात बदल करायचा तर मूळ फायलींतच हात घालावा लागे आणि पुढची आवृत्ती बसवली की केलेलं सगळं पुसलं जाई. मे २००४ मधल्या १.२ या आवृत्तीने प्लगइनची सोय आणली. भिंत न फोडता पंखा टांगता यावा म्हणून छताला आधीच कड्या बसवून ठेवाव्यात, तसं हे होतं: मूळ प्रणाली ठरावीक जागी थांबून विचारते की इथे कोणाला काही करायचं आहे का, आणि प्लगइन तिथे आपलं काम करून घेतं. फेब्रुवारी २००५ मधल्या १.५ ने थीम आणल्या. रूप आणि मजकूर वेगळे झाले. जगभरच्या छोट्या भाषांना यामुळे पहिल्यांदाच एक दार मिळालं. कंपनीने आपल्या भाषेकडे लक्ष दिलं नाही तरी त्या भाषेतला एखादा माणूस स्वतः ते काम करू शकत होता.

मराठीत तो माणूस होता ओंकार जोशी आणि त्याच्या कामाचं नाव ‘गमभन’.

गमभन म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारी टंकलेखनाची सोय. त्याआधी संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर बसवायला लागे. शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये मुळात कन्नडसाठी केलेलं ‘बरहा’ मराठीतही भरपूर वापरलं जाई. पण कॅफेतल्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर काही बसवण्याची परवानगी नसे. गमभनला ती लागतच नव्हती. पान उघडलं, चौकटीत कर्सर ठेवला आणि रोमन कळी दाबल्या की मराठी उमटे. जावास्क्रिप्टमधली ही छोटी आज्ञावली प्रत्येक कळ दाबल्याबरोबर पकडायची, आधीचं अक्षर काय होतं ते लक्षात ठेवायची आणि बदल करायची. ‘क’ची कळ दाबली की पाय मोडलेला ‘क्’ उमटायचा. पुढे ‘अ’ची कळ आली की पायमोड निघून पूर्ण ‘क’ व्हायचा. ‘अ’ऐवजी ‘इ’ आली की ‘कि’, आणि दुसरं व्यंजन आलं की जोडाक्षर. सांगायला सोपं, पण मागे फिरून एखादं अक्षर खोडलं तर काय करायचं, मध्येच इंग्रजी शब्द आला तर काय, कर्सर वाक्याच्या मध्यावर असेल तर काय, आणि हे सगळं इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एका रीतीने आणि फायरफॉक्समध्ये दुसऱ्या रीतीने कसं करायचं, यात खरं काम होतं.

गमभन वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या प्रणालींना जोडता येईल अशा रूपात दिलं गेलं आणि मराठीपुरतं न राहता इतर भारतीय लिप्यांसाठीही चालू लागलं. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ या दोन्ही संकेतस्थळांनी ते वापरलं. तात्या अभ्यंकरांच्या मिसळपाववर जी वर्दळ झाली, गाण्यांवर, पाककृतींवर, प्रवासांवर हजारो पानं लिहिली गेली, ती लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्याआधी आयुष्यात मराठी टंकलेलं नव्हतं. कळफलक शिकायची गरज उरली नाही, हे त्यामागचं सर्वांत मोठं कारण. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक १९८६ पासून होता आणि शास्त्रशुद्धही आहे. पण लोकांनी उचललं ते रोमन कळींवरून मराठी. भाषाशुद्धीच्या बाजूने या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. तरी या एका सोयीने जितके लोक लिहिते झाले तितके कोणत्याही परिपत्रकाने झाले नाहीत, हे मान्य करावंच लागेल.

त्याआधी २००४ पासून महेश वेलणकरांचं ‘मनोगत’ होतं. तिथे टंकण्याच्या सोयीबरोबर शुद्धिचिकित्सकही होता. मराठी शब्द तपासून देणारी सोय त्या काळात दुर्मीळच. पुढे शंतनू ओक यांनी फायरफॉक्स आणि मुक्त ऑफिस-संचांसाठी मराठी शब्दतपासणीचं काम नेटाने केलं. वऱ्हाडातल्या लेखकाला मात्र या सगळ्या तपासण्यांचा एक वेगळाच जाच झाला. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘जाऊन रायलो’ लिहिलं की ओळीखाली तांबडी रेघ ठरलेली. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला मानणारा बंजारा समाज आपली गोरबोली देवनागरीत लिहितो, तिच्या वाट्याला तर सगळीच पानं तांबडी. प्लगइन लिहिणाऱ्यांचा यात दोष नाही, शब्दांचे साठेच प्रमाण मराठीचे होते. पण बोलींचे शब्दसाठे तयार करणं हे आजही कोणीतरी अंगावर घ्यावं असं काम आहे.

आता थीमबद्दल, कारण मराठी ब्लॉगांच्या सर्वांत चमत्कारिक अडचणी थीमनीच निर्माण केल्या.

इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये ओळीची उंची कमी असते. मराठीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. मग ‘र्कें’सारख्या अक्षराचा माथा वरच्या ओळीत घुसे किंवा सरळ छाटला जाई. शीर्षकाला ऐटदार दिसण्यासाठी अक्षरांत जागा सोडलेली असे. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करणाऱ्या थीममध्ये ‘स्त्री’चं नेमकं काय मोठं करायचं, हे ब्राउझरलाही ठरवता येत नसे. आणि सर्वांत गाजलेली अडचण म्हणजे दोन्ही कडा सारख्या करण्याची. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्तीत परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ केला की देवनागरी जोडाक्षरं सुटी होत, वेलांट्या भलतीकडे जात आणि सगळं पान वाचण्यापलीकडे जाई. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तेच पान व्यवस्थित दिसे, त्यामुळे लेखकाला स्वतःला काही कळतच नसे. वाचकाने कळवलं तर कळवलं. हिंदी आणि मराठी ब्लॉगकर्त्यांमध्ये तेव्हा एकमेकांना सांगण्याची पद्धत पडली: टेम्पलेट उघडा, त्यात कडा सारख्या करणारा शब्द शोधा आणि त्या जागी डावी कड लिहा. एका शब्दाचा बदल, पण तो किती जणांना किती वेळा समजावला गेला असेल! जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि ही अडचण मुळातूनच सुटली.

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच होती. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की पत्ता बनवताना ब्लॉगर ती अक्षरं गाळून टाके आणि सगळ्या लेखांना ‘ब्लॉग-पोस्ट’ असंच नाव देऊन पुढे एक आकडा चिकटवे. जुन्या मराठी ब्लॉगांचे पत्ते आजही तसेच दिसतात. लेख कशाबद्दल आहे याचा पत्त्यावरून पत्ता लागत नाही. यावरचा तोडगा तोंडोतोंडी पसरला: आधी इंग्रजी शीर्षक देऊन लेख प्रकाशित करायचा, पत्ता पक्का झाला की आत जाऊन शीर्षक मराठी करायचं. २०१२ मध्ये ब्लॉगरने पत्ता स्वतः लिहिण्याची सोय दिली, तोवर हा द्राविडी प्राणायाम चालला.

वर्डप्रेस मराठी अक्षरं गाळत नसे, पण तिथेही एक मेख होती. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. पत्त्यासाठी कोठ्यात जागा दोनशे अक्षरांची. भागाकार केला की बावीस चिन्हं उरतात आणि त्यात काना-मात्राही स्वतंत्र मोजले जातात. ‘वऱ्हाडातल्या सोयाबीन उत्पादकांचे प्रश्न’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘उत्पादकांचे’लाही पुरता पोचत नाही. मग शीर्षकाचं रोमन लिप्यंतर करून आटोपशीर पत्ता बनवणारी प्लगइन लिहिली गेली. तसंच, लेखाचा सारांश ठरावीक बाइटवर कापणाऱ्या थीमने मराठी अक्षर मधूनच चिरलं की शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटे. बाइट न मोजता अक्षरं मोजणारी आज्ञा वापरायची, एवढाच त्यावर उपाय. पण तो थीमच्या फायलीत कोणत्या ओळीवर करायचा हे शिक्षक, डॉक्टर, गृहिणी, निवृत्त बँक कर्मचारी अशा लेखकांना कोण दाखवणार?

या प्रश्नांमध्ये सर्वांत जिवावरचा प्रसंग आला तो २००७ च्या मे महिन्यात, वर्डप्रेस २.२ बरोबर. तोवर अनेक ब्लॉगांचा मजकूर युनिकोड असूनही ज्या कोठ्यांत साठवला जाई त्यांच्यावर जुन्या युरोपीय लिपीचा शिक्का असे. मजकूर जसा आत टाकला तसाच बाहेर येई, म्हणून कोणाला काही जाणवत नसे. नव्या आवृत्तीने डेटाबेसची लिपी ठरवणारी एक ओळ मांडणीच्या फायलीत आणली. जुन्या कोठ्यावर ती ओळ लावली की आतला मजकूर दुसऱ्यांदा उलटवला जाई आणि दोन-तीन वर्षांचं सगळं लेखन टोप्या आणि शेपट्या लावलेल्या रोमन अक्षरांत दिसू लागे. ज्याला माहीत होतं तो ती एक ओळ काढून टाके आणि सगळं परत येई. ज्याला माहीत नव्हतं तो घाबरून त्याच पानांवर पुन्हा साठवण करी आणि मग ते लेखन खरोखरच हातचं जाई.

मराठीचं असं आणखी एक खास दुखणं म्हणजे अर्धा ‘ऱ’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर जेवणाच्या पंगतीपर्यंत जातो. हा ‘ऱ्’ दोन प्रकारे साठवता येतो आणि त्यातल्या एका प्रकारात एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या सूत्रात ते चिन्ह गळालं की दऱ्यांचा दर्या होतो. ‘ॲ’ची कथा तशीच. मराठीला हवा तसा ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो एप्रिल २००८ मधल्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कोणी हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरी, कोणी ‘अ’वर चंद्र देई. त्यामुळे एकाच शब्दाची तीन रूपं साठली आणि एक शोधलं की बाकीची दोन सापडत नाहीत. जुन्या ब्लॉगांत शोधण्याची सोय बसवणाऱ्याला ही तिन्ही रूपं एक मानण्याचं काम आजही करावं लागतं.

भाषांतराचं काम याहून शांतपणे झालं. वर्डप्रेसमधलं प्रत्येक इंग्रजी वाक्य एका यादीत असतं आणि त्यासमोर आपल्या भाषेतलं वाक्य भरायचं असतं. मराठी भाषांतर करणाऱ्यांना कळलं की इंग्रजी प्रोग्रामरने वाक्य तुकड्यांत लिहिलेलं असतं. ‘प्रकाशित’ हा शब्द आधी आणि तारीख नंतर, अशी जोडणी थीममध्ये पक्की केलेली असली की ‘रोजी’ कुठे बसवणार? तारखेआधी आलं तर वाक्य हास्यास्पद होतं. संपूर्ण वाक्य एकसंध देऊन लेखक आणि तारीख यांची जागा अदलाबदल करू देणारी थीम असेल तरच ‘१२ मे रोजी अमुक यांनी लिहिलं’ असं सरळ मराठी करता येतं. लिंगाचंही तेच. ‘काढून टाकलं’ म्हणजे लेख काढला, प्रतिक्रिया काढली की पान काढलं, हे इंग्रजीत सांगावंच लागत नाही. चांगला थीमकर्ता संदर्भाची टीप देऊन ठेवतो. बरेच जण देत नाहीत. मराठीत वाचायला अवघड वाटणाऱ्या संकेतस्थळांमागे बहुतेक वेळा हा आळस असतो.

या कामाला पैसा होता का? इंग्रजीत होता. पुण्यात राहुल बन्सल यांनी ‘डेव्हिल्स वर्कशॉप’ या इंग्रजी ब्लॉगपासून सुरुवात करून पुढे ‘आरटीकॅम्प’ ही कंपनी उभी केली; तिची ‘आरटीमीडिया’, ‘एनजिनएक्स हेल्पर’ ही प्लगइन जगभर वापरली गेली. मराठी ब्लॉगकर्त्यांसाठी प्लगइन लिहिणाऱ्याला मात्र पैसे कोण देणार? समूह छोटा, जाहिरातीचं उत्पन्न नाही, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीला किंमत मोजायची आपल्याकडे सवय नाही. त्यामुळे हे सगळं हौसेवर चाललं आणि हौशीला नोकरी, लग्न, मुलं, बदली अशा मर्यादा असतात. प्लगइन एकदा लिहून संपत नाही, हीच त्यातली खरी गोम. ड्रुपल ५ साठी केलेली जोडणी ६ वर चालत नसे, ६ ची ७ वर. वर्डप्रेसचा लेखनफलक बदलला की टंकलेखनाची सोय बंद पडे, कारण ती साध्या चौकटीवर लक्ष ठेवून असायची आणि नवी चौकट आतून निराळीच असायची. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० ने ठोकळ्यांचा नवा संपादक आणला, ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ ने जावास्क्रिप्टचा जुना आधार काढून घेतला आणि पीएचपी ७ व ८ ने जुन्या आज्ञा बाद केल्या. दर वेळी कोणीतरी बसून दुरुस्ती करायची किंवा ते प्लगइन मरू द्यायचं. बहुतेक मेली. तोवर गूगलच्या टंकसोयी आणि मोबाइलचे मराठी कळफलक आले होते, म्हणून त्याचं कोणाला फारसं दुःख झालं नाही.

मोबाइलवरही मराठी लगेच आलं नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या एका लपलेल्या पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याची सोय चालू करायची, मग सर्व्हरवरून अक्षरांची चित्रं येत. स्टार माझा या वृत्तवाहिनीने २००८ मध्ये ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा सुरू केल्यावर जे नवे वाचक आले, त्यांतले खेड्यापाड्यातले कितीतरी जण पुढची काही वर्षं असेच वाचत होते.

मग आले शिक्षक. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरायचं काम शाळांवर आलं आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी राज्यभर ब्लॉग काढले, वाशिमच्या सहाही तालुक्यांपर्यंत ही लाट पोचली. परिपाठ, दिनविशेष, पाठ्यपुस्तकातल्या कवितांच्या चाली, ऑनलाइन चाचण्या, शासन निर्णय, पगारपत्रकाचे आणि आयकराचे एक्सेल नमुने अशी सामग्री एका जागी मिळू लागली. मराठी ब्लॉगांच्या इतिहासात साहित्यिक ब्लॉगांचं कौतुक होतं. पण रोज सकाळी शाळा भरण्याआधी उघडले जाणारे ब्लॉग हे होते. उपयोगाच्या दृष्टीने पाहिलं तर मान यांचा मोठा आहे.

त्यांचं तंत्रही पाहण्यासारखं. ‘लेआउट’मध्ये जायचं, ‘गॅझेट जोडा’ दाबायचं, यादीतून एचटीएमएल-जावास्क्रिप्टची चौकट निवडायची आणि तिच्यात दुसऱ्याकडून मिळालेला कोड चिकटवायचा. सरकती सूचनापट्टी, भेटी मोजणारा आकडा, घड्याळ, उजवी कळ बंद करणारी आज्ञा. फुकटातलं टेम्पलेट उतरवून चढवलं की एक हमखास चूक निघे: ‘आणि’साठीचं इंग्रजी चिन्ह टेम्पलेटमध्ये जसंच्या तसं चालत नाही, ते विशिष्ट सांकेतिक रूपात लिहावं लागतं. नाहीतर ब्लॉगर टेम्पलेट घेतच नाही आणि इंग्रजीत लांबलचक तक्रार दाखवतो. त्या तक्रारीचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात पडे आणि दुसऱ्या जिल्ह्यातला कोणी शिक्षक रात्री अकराला उत्तर देई. फुकट टेम्पलेटच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव असे. ते काढलं की आत दडवलेली आज्ञा जागी होऊन वाचकाला भलत्याच संकेतस्थळावर नेई. हे शोधून काढणारे शिक्षकच होते. त्यांतल्या अनेकांनी प्रोग्रामिंगचा एकही तास कधी केलेला नव्हता.

ज्या सोयींवर हे ब्लॉग उभे होते त्या मात्र परक्या हाती होत्या. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं, त्याआधीच त्यावरून ब्लॉगवर दिलेल्या प्रतिक्रिया नाहीशा झाल्या. २०२० संपताना फ्लॅश गेलं आणि त्यावरचे खेळ, घड्याळं, फिरती चित्रं सगळी काळी पडली. जुलै २०२१ मध्ये ईमेलने लेख पाठवणारं गॅझेट बंद झालं आणि जमवलेले वाचक तुटले. आकडे मोजणाऱ्या परक्या सेवा एकेक करून मिटल्या. त्यांच्या रिकाम्या चौकटी अजून समासात दिसतात.

लेखन जपायचं कसं याचा दाखला मात्र जवळच आहे. वाशिम जिल्ह्यातल्याच कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांनी शेकडो वर्षं हस्तलिखितं राखली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तिच्यात कारंज्याच्या पोथ्या नोंदल्या गेल्या. पुढे प्रा. हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांच्या हातून कारंजा जैन ग्रंथमालेत अपभ्रंश काव्यं छापून आली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये वाचकांना मिळालं ते त्यामुळे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हे जपा, अशी विनंती लेखनिक लिहून ठेवत. कारंज्यात कोणीतरी पिढ्यानपिढ्या दप्तरं बांधली, उन्हं दाखवली, म्हणून पोथ्या हाती लागल्या. वीस वर्षांच्या मराठी ब्लॉगांसाठी असं भांडार कुठेही नाही, आणि विद्यापीठांनी व राज्य मराठी विकास संस्थेने ते उभारायला हवं.

ते होईल तेव्हा होवो. ज्यांचा जुना ब्लॉग आहे त्यांनी आपल्यापुरतं काम आजच करावं. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे, तेव्हा आधी खात्यात प्रवेश करून पाहा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये मजकुराचा बॅकअप घेण्याची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये ती साधनांच्या यादीत ‘निर्यात’ या नावाखाली मिळते. दोन्हीकडे एकच फाइल उतरते आणि तिच्यात लेख व प्रतिक्रिया असतात. टेम्पलेट त्यात येत नाही, ते थीमच्या पानावरून वेगळं उतरवावं लागतं. आणि वर्डप्रेसवाल्यांनी चित्रांचा फोल्डरही स्वतंत्र काढून घ्यावा.